अनसूने न दिलेलं फूल

अनसू,

तुझा दीर गेल्या पंधरवड्यात गुळाच्या गाड्या घेऊन सांगलीच्या पेठेत आला होता. आमच्या दुकानाच्या पायरीवर बसून त्याने चहा घेतला, हळदीचा भाव विचारला, आमच्या ह्यांच्याशी लढाई संपल्याच्या चार गोष्टी केल्या आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाला, "वैनी गेल्या आमच्या. दिवाळी झाली आनि तवाच." मी आतल्या दारात उभी होते. मला वाटलं तो दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय. मग त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली, तेव्हा कळलं.

मला आधी रडू आलं नाही, राग आला. आपला वाद अर्धा राहिला होता आणि तू उठून चालती झालीस. वर्षभर मी मनात तुला उत्तरं देत होते. भाजी निवडताना देत होते, देवापुढे दिवा लावताना देत होते. आता ही सगळी उत्तरं घेऊन मी कुणाकडे जाऊ?

"तिचं काही ठेवलंय का?" मी विचारलं.

"काय बी न्हाई. समदं जाळाय सांगितलं हुतं तिनंच. वाकळ, लुगडी, फनीसुदीक."

"आणि खाटेला बांधलेलं दोरीचं फूल?"

"व्हय, दोरीचं काय तरी हुतं खरं," तो म्हणाला. "ते बी घातलं त्यातच."

म्हणजे शेवटपर्यंत तू तुझंच खरं केलंस.

आपली ओळख झाली ती अंड्यावरून, आठवतंय? साताऱ्याच्या बाजूचा तो मिशनचा दवाखाना, डोंगराच्या पायथ्याला. बायकांच्या खोलीला तीनच भिंती आणि चौथ्या बाजूला नुसता कठडा, कारण क्षयाला हवा हेच औषध. थंडीत दात वाजायचे आणि आपण त्याला औषध म्हणायचो. मला तुझ्या शेजारची खाट मिळाली. पहिल्याच सकाळी दुधात फोडलेलं कच्चं अंडं समोर आलं आणि मी तोंड फिरवलं. आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी अंडं हातात धरलं नव्हतं. तू आपल्या खाटेवरून उठलीस, पदर खोचलास, माझं नाक चिमटीत धरलंस आणि म्हणालीस, "आक्का, डोळं मिटा आनि तीर्थ हाय म्हना. जातीचं मागनं बघू. आदी जगा तर." मी गिळलं. पुढे रोज सकाळी तू माझं नाक धरायचीस आणि मी रोज तुला शिव्या द्यायचे. आज माझ्या अंगावर जे मूठभर मांस आहे ते त्या शिव्यांचं आहे. हे तुझ्या तोंडावर कधी म्हटलं नाही, म्हणून आता म्हणते.

तू आष्ट्याची, उसाच्या रानातली. घरात चार बैल, लेक लहान, नवरा लढाईवर. मी सांगलीची, हळदीच्या दुकानातली, मूलबाळ नसलेली, जिथे तिथे वाद घालणारी. बाहेर असतो तर बाजारात एकमेकींच्या अंगावरून निघून गेलो असतो. तिथे मात्र दोन खाटांमध्ये हातभर अंतर होतं आणि दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत बोलण्यावाचून दुसरं काम नव्हतं. खरं तर बोलण्यालाही मनाई होती. दुपारी दोन तास अगदी गप्प पडून राहायचं, असा नियम. ते दोन तास तुला रोगापेक्षा जड जायचे.

मग नाताळ जवळ आला आणि मोठ्या बाई दोऱ्यांची परडी घेऊन आल्या.

मोठ्या बाई, त्या पिकल्या केसांच्या गोऱ्या मेट्रन. त्या इतकी वर्षं इथे होत्या की त्यांना मराठी येत होतं, पण सगळं मानाचं. मांजर खोलीत शिरलं तर त्यालाही "आपण बाहेर जावं" म्हणायच्या. त्यांच्या मुलखात नाताळात बर्फ पडतं आणि त्याचा एकेक कण म्हणजे सहा पाकळ्यांचं फूल असतं, असं त्यांनी सांगितलं. आपल्यापैकी कुणाचाच विश्वास बसला नाही. तुझ्या नवऱ्याचं इटलीतून एक कार्ड आलं होतं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. त्यात होतं की इथे आभाळातून पीठ पडतं, पाय गुडघ्यापर्यंत आत जातो, आणि हातात घेतलं की त्याचं पाणी होतं. ते मीच तुला वाचून दाखवलं होतं. तू म्हणालीस, "पीठ पडतंय तर भाकरी करून खा म्हनावं. हितं जवारी मिळंना झालीया." पण ते कार्ड तू पुन्हा पुन्हा वाचून घेतलंस, आणि मी पिठाशी आले की दर वेळी हात पुढे करून बघायचीस, जणू तळव्यावर काही पडणार आहे.

तर ते बर्फाचं फूल दोरीचं करायचं होतं. दोरी म्हणजे जुन्या मच्छरदाण्यांच्या पांढऱ्या सुती नाड्या, कारण लढाईत नवीन काही मिळतच नव्हतं. मध्ये एक छोटं कडं. त्यात नाड्यांचे दुहेरी जोड अडकवायचे आणि एकेका पाकळीच्या चपट्या गाठी मारत बाहेर जायचं. डावी दोरी वरून, उजवी खालून. मग उलट, उजवी वरून, डावी खालून. दोन गाठींच्या मध्ये दोरी जराशी सैल सोडायची, म्हणजे तिथे बारीक कान निघतो. मोठ्या बाईंनी एक पाकळी करून दाखवली आणि तू तिथल्या तिथे म्हणालीस, "ही तर म्होरकीची गाठ."

तुझे वडील बेंदराला, बैलांच्या सणाला, गावच्या बैलांच्या म्होरक्या आणि गोंडे गाठायचे आणि तू त्यांच्यापाशी बसून शिकली होतीस. खाटेवर मांडी घातलीस, पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवलीस आणि सटासट गाठी मारत सुटलीस. आम्ही बाकीच्या पहिल्या पाकळीत गुरफटलो होतो तेव्हा तुझं फूल होऊन गेलं. पण तू प्रत्येक गाठ अशी आवळली होतीस की फूल सपाट पडेना. ते कडांनी वर उचलून वाटीसारखं वळलं. तू ते खाटेवर हाताने दाबायचीस, हात काढला की पुन्हा वाटी. मोठ्या बाईंनी ते हातात घेऊन इकडून तिकडून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाल्या, "बाई, हे बर्फ आहे. बैल नाही. पळून जाणार नाही." सगळी खोली हसली, आणि हसण्याने सगळ्यांना खोकला लागला, आणि नर्सबाई धावत आल्या.

माझं उलटं. माझ्या गाठी इतक्या सैल की उचललं की सुटून जायच्या. मग तूच माझी गुरू झालीस. माझी बोटं धरून शिकवायचीस. "आक्का, एवढं शिकून तुमास्नी गाठ मारता येईना? मालकांनी पोती कशी बांधली तुमच्या भरवशावर?" पोती बांधायला हमाल आहेत असं मी म्हणाले, तर म्हणालीस, "मग हमालाशी लगीन करायचं हुतं."

आणि तो गुळाचा घोटाळा. फूल ताठ राहावं म्हणून ते साखरेच्या पाकात बुडवून वाळवतात, असं मोठ्या बाईंनी सांगितलं. साखर रेशनवर, जी काय मिळायची ती दुधापुरती. तू म्हणालीस, काळजी करू नका, माझा दीर नव्या गुळाची ढेप घेऊन आलाय, गोडाला गोड. आपण सगळ्यांनी माना डोलावल्या. ऊस आणि गूळ यांच्यात जन्म गेलेल्या बायका आपण, आपल्याला गुळाचा पाक कळत नाही काय? सगळी फुलं पाकातून काढून कठड्यावर वाळत घातली. वाळल्यावर बघतो तर चहात पडल्यासारखी तांबूस. त्यात दुपारची हवा दमट झाली आणि ती चिकटायला लागली, घोंगड्यांना, हाताला, एकमेकांना. आणि संध्याकाळी मुंगळ्यांची रांग कठड्यावरून येऊन ओळीने सगळी फुलं खाऊ लागली. मोठ्या बाईंनी एक फूल उचलून त्यावरचे मुंगळे झटकले. मग म्हणाल्या, "आमच्या देशात बर्फ असं असतं तर मी इथे आलेच नसते."

सगळं धुवून पुन्हा भाताच्या पेजेत घातलं, तेव्हा कुठे ती पांढरी आणि ताठ झाली. त्या दिवशी तू इतकी हसलीस की रात्री तुला ताप भरला. मी हसताना बघितलेली तू हीच, अनसू. तुझा विचार आला की अजून मला आधी ते मुंगळेच दिसतात.

पण आपला वाद त्याच फुलांवरून सुरू झाला.

मोठ्या बाईंनी दोरी निवडली होती ती विचार करून. दवाखान्याचा नियमच होता, आत येणाऱ्या वस्तूला मनाई नाही, पण बाहेर जाणारी वस्तू उकळून घेतल्याशिवाय फाटकाबाहेर जाणार नाही. कागदाच्या पताका केल्या तर नाताळ संपला की जाळायला लागायच्या. दोरी उकळता येते. म्हणून प्रत्येकीने दोन फुलं करायची, एक खोलीत लावायला आणि एक घरी पाठवायला. स्वयंपाकघरामागे मोठा हंडा ठेवला होता. घरी जायची फुलं त्यात चांगली खळखळ उकळायची आणि मग पेज लावून वाळवायची. नाताळच्या दिवशी घरची माणसं कुंपणापर्यंत येणार होती, पोरंबाळंही येणार होती. आईच्या हातचं काही पोराच्या हातात पडायचं असेल तर तो एकच रस्ता होता.

तुझं दुसरं फूल सगळ्यांत सुंदर झालं होतं. तोपर्यंत तुला सैल सोडायला जमलं होतं. ते छबूसाठी होतं हे सांगायला नको. पाचसहा वर्षांची तुझी छबू, जिला तू दवाखान्यात यायला गाडीत बसताना जवळसुद्धा घेतलं नव्हतंस. ते उकळून झालं, वाळलं, आणि नाताळच्या आदल्या दिवशी तू एकदम म्हणालीस, "हे मी न्हाई देनार."

मला वाटलं थट्टा करतेस.

"उकळून हळद जाती का हो आक्का कापडाची?" तू विचारलंस. "तुमचं तर दुकान हाय. सांगा की. किती बी उकळा, जाती?"

"हळद निराळी, जंतू निराळे. जंतू मरतात उकळून."

"तुमी बघितलंय मरताना?"

मग तू वाकळीची गोष्ट सांगितलीस. तुझी आई याच रोगाने गेली. तिची वाकळ आई गेल्यावर तुम्ही राखेच्या पाण्यात घालून दोनदा उकळून घेतलीत, उन्हात तापवलीत, आणि तू तीच पांघरून निजायला लागलीस, कारण तिला आईचा वास होता. आणि मग काही वर्षांनी तुला खोकला लागला. "उकळलं हुतं आक्का. माझ्या हातानं उकळलं हुतं. तरी आलं."

मी वाद सोडणारी नव्हे. मी म्हणाले, वाकळीतून नाही ग आलं. आई आजारी असताना तू तिच्याजवळ निजत होतीस, तिचा खोकला तुझ्या तोंडावर येत होता, तेव्हाच आलं असेल, नंतर उमटलं. डॉक्टरांनी मला हे नीट समजावून सांगितलं होतं आणि मी ते तुला नीट समजावून सांगितलं.

नाताळच्या सकाळी वेणी घालता घालता म्हणालीस, "मंजी आईच्या कुशीतनं आलं म्हनायचं."

"हो."

"मग वाकळीचंच ऱ्हाऊ द्या, आक्का. वाकळीला नाव ठिवलं तर चालतंय."

वेणी बांधून तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "उद्या माझ्या पोरीला कशानं बी काय झालं, साधा खोकला जरी झाला, तरी समदी त्या फुलाकडं बोट दावतील. आनि तीबी दावंल. मी मेल्यावर तिनं माझं नाव घेतलं तर तसं घ्यावं व्हय?"

यालाही मी उत्तर दिलं. मी म्हणाले, आणि काहीच दिलं नाहीस तर ती तुझं नाव घेईल तरी कशाला? हे मी बोलले, अनसू, आणि आजही ते मला खरंच वाटतं. तुला त्याचा राग आला नाही. तू नुसतं "बघू" म्हणालीस.

दुपारी माणसं आली. तारेच्या कुंपणापलीकडे माणसं, अलीकडे मोकळी जागा, आणि मग आपला कठडा. मोठ्या बाई स्वतः परडीतून एकेक फूल नेऊन कुंपणावरून त्या त्या पोराच्या हातात देत होत्या. छबू तुझ्या दिराच्या खांद्यावर बसली होती. हिरवं परकर-पोलकं, डोक्याला तेल चपचपीत. ती "आये" म्हणून ओरडली आणि तू हात वर केलास. एकच हात. दुसऱ्या हातात फूल होतं आणि तो तू पाठीमागे धरला होतास. पोरं फुलं मिळवून नाचत होती. छबूने सगळ्यांकडे पाहिलं, मग तुझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आये, तुझ्या हातात काय हाय?"

"काय न्हाई गं," तू म्हणालीस.

मोठ्या बाई परडी घेऊन तुझ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. तू मान हलवलीस आणि त्या पुढे गेल्या. त्या बाईंचं मला तेव्हा आश्चर्य वाटलं होतं. त्यांनीच ठरवलेली गोष्ट, पण आग्रहाचा एक शब्द काढला नाही.

माणसं गेल्यावर तू ते फूल आपल्या खाटेच्या दांडीला बांधलंस. वारा आला की ते हलायचं. मी त्याच्याकडे बघितलं की तू म्हणायचीस, "बघू नका, आक्का. तुमी बघितलं की मला भांडन ऐकू येतंय."

गुढीपाडव्याच्या सुमाराला मला घरी सोडलं. माझ्या एका फुप्फुसाभोवती हवा भरून, त्याला विसावा देऊन त्यांनी मला बरी केली, तुझी दोन्ही फुप्फुसं रोगाने धरलेली होती म्हणून तुला ते करता आलं नाही. याच्यात माझं काही कर्तृत्व नव्हतं आणि तुझा काही दोष नव्हता. तरी निघताना तुझ्याकडे बघायची मला लाज वाटत होती. मी म्हणाले, आष्टा माझ्या वाटेवर आहे, ते फूल दे, मी पुन्हा उकळते, माझ्या डोळ्यांदेखत उकळते. तू हसलीस. म्हणालीस, "तुमी जावा. माझी पोर मोठी झाली म्हंजी तिला गाठ शिकवीन मी. फूल कशाला पायजे?" शिकवीन म्हणालीस. तू खरंच घरी जाणार असं तुला वाटत होतं की माझ्यासाठी म्हणालीस, हे मला कळलं नाही. विचारलंही नाही. मी नुसतं "ताप लिहून ठेवत जा" असलं काहीतरी बोलले आणि टांग्यात बसले.

दीर सांगून गेला त्यानंतर मी चार दिवस घरात कुणाशी धड बोलले नाही. पाचव्या दिवशी ह्यांना म्हटलं, मी आष्ट्याला जाऊन येते. ते म्हणाले, कशाला? तिथे कोण आहे आता? मी म्हणाले, छबू आहे.

लढाईपासून कोळशावर चालणारी ती प्रवाशांची सर्व्हिस मोटार चढाला थांबत, धूर ओकत आष्ट्याला पोचली. तुझं घर विचारत गेले. तुझा नवरा अजून लढाईवरून परतला नव्हता. तुझ्या सासूबाई, तू ज्यांना आत्याबाई म्हणायचीस त्या, ओसरीवर तांदूळ पाखडत होत्या. मी दवाखान्यातली म्हटल्यावर त्यांचा हात थांबला. त्या वाईट वागल्या नाहीत, अनसू. मला अंगणात तुळशीपाशी पाट दिला, निराळ्या भांड्यात पाणी दिलं आणि आपण ओसरीवरच राहिल्या. छबूला त्यांनी उंबऱ्याच्या आत धरून ठेवलं होतं. मला या गोष्टीची सवय आहे. आमच्या घरी माझं ताट अजून वेगळं मांडतात.

छबूने मला ओळखलं. "तू आईच्या शेजारची," ती म्हणाली. मग लगेच, "आईकडं पांढरं फूल हुतं. समद्यांस्नी दिलं, मला दिलं न्हाई."

इतक्या दिवसांनी. तिच्या लक्षात काय राहिलं होतं बघ.

मी आत्याबाईंना म्हटलं, घरात नवी दोरी आहे का? वापरलेली नको, पाण्यात न घातलेली. त्यांना काही समजेना, पण आतून पांढरी सुती दोरी आणली, बेंदराला घेतलेली, तशीच राहिलेली. मी म्हटलं, तिचे तुकडे तुम्हीच करा आणि तिला द्या. माझ्यासाठी मी सांगलीहून माझी नाडी आणली होती. मग त्यांनी छबूला बाहेर येऊ दिलं. मी अंगणात, छबू ओसरीच्या कडेला, मध्ये ते सगळं अंगण, आणि आम्ही दोघी गाठायला बसलो. मी हात उंच धरून दाखवायचे आणि ती तिथून बघून करायची. माझी दोरी तिला लागली नाही, तिची मला लागली नाही. तुझ्या मनासारखंच केलं, बघ. दवाखान्यातलं सूत घरात गेलं नाही. डावी वरून, उजवी खालून, मग उलट. सांगता सांगता मी जरा खाकरले. तिला वाटलं मला खोकला येतोय, आणि ती चटकन मागे सरकली.

लहान हात, आणि दोरी जाड. चुकायची, उसवायची, पुन्हा करायची. आत्याबाई सूप बाजूला ठेवून कधी तिच्याशेजारी येऊन बसल्या ते मला कळलं नाही. दुसरी पाकळी होईतो त्यांनी दोरीचं एक टोक धरलं होतं. दुपार कलली तेव्हा वाकडंतिकडं, एक पाकळी आखूड, असं फूल झालं. ती ते हातात धरून बराच वेळ बघत बसली. मला वाटलं, झालं. पोरीच्या हातात तिच्या आईचं काहीतरी पडलं, आणि तुला बोलायला जागाही ठेवली नाही. वाद मी जिंकले, आणि तूही हरली नाहीस. इतका आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

मग छबू ओसरीवरून खाली उतरली. शेवटच्या पायरीवर ते फूल ठेवलं आणि चार पावलं मागे सरून उभी राहिली. असं करायचं असतं हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

"घे," ती म्हणाली. "आईला दे. दवाखान्यात नेलेलं चालतंय न्हवं?"

मी आत्याबाईंकडे बघितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला होता. छबूला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्या म्हणाल्या, "न्हाई सांगितलं आजून. दिवसकार्य झाल्यावर सांगू म्हनलं. दिवस झालं आनि तोंडच उघडंना."

छबू उत्तराची वाट बघत होती. मी म्हणाले, "चालतं. देते हं." आणि पुढे होऊन ते पायरीवरून उचललं.

मोटारीच्या थांब्यापर्यंत ती तुझ्या दिराबरोबर मला सोडायला आली. मोटार सुटली. ती रस्त्याच्या कडेला उभी होती. नाताळात याच रस्त्याने ती तुला बघायला आली होती, तुझ्या दवाखान्याची वाट कुठल्या बाजूला जाते ते तिला पक्कं ठाऊक आहे. आणि मोटार मला घेऊन सांगलीकडे निघाली होती. मी खिडकीतून मागे पाहिलं. छबूने वर केलेला हात हळूहळू खाली आला. ती एकदा मोटारीकडे बघत होती आणि एकदा दुसऱ्या बाजूला, साताऱ्याकडे जाणाऱ्या मोकळ्या रस्त्याकडे.